शिलाई मशीन विरुद्ध लिनक्स

इमारतीच्या कमिटीचं कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नसे. जिन्याला कोणता रंग द्यावा यावरून दोघा सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि जिना तसाच पोपडे सोडत उभा होता. पण त्या संध्याकाळी काका उभे राहून म्हणाले, "लिनक्स फुकट असतं," आणि सगळे हात एकदम वर गेले. लिनक्स म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. फुकट म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विषय साधाच होता. तळमजल्यावर जिन्यापाशी सूचनांचा लाकडी फळा होता. त्याच्यावर टाचणीनं लावलेले कागद वाऱ्यानं उडत, आणि जे उडत नसत ते कुणी वाचत नसे. चेअरमन, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, म्हणाले की आता तिथे स्क्रीन हवी. त्यांच्या साडूची कंपनी अशाच स्क्रीन बसवायची, हा निव्वळ योगायोग. साडूंचं माहितीपत्रक चेअरमनांच्या खिशातून अर्धं बाहेर आलंही होतं, तेवढ्यात काकांनी घाव घातला. घरातला जुना टीव्ही, तळहातावर मावेल एवढा एक बोर्ड, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटरच, आणि त्याला चालवायला त्यात लिनक्स. बास! पत्रक खिशात परत गेलं, काकांना 'तांत्रिक सल्लागार' हे पद मिळालं आणि ते दोन-दोन पायऱ्या चढत घरी आले.

पावलांच्या त्या आवाजावरूनच काकूंनी ओळखलं की आता घरात काहीतरी येणार.

काकूंची स्मरणशक्ती ही त्या घरातली एकमेव गोष्ट होती, जी कधी बंद पडली नव्हती. काका वीज कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. तिथे ते नुसते खोकले तरी फायली हलायच्या. घरी खोकले की काकू औषधाची बाटली पुढे करायच्या. हा फरक काकांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी घरातच प्रकल्प काढायला सुरुवात केली. सूर्याच्या उष्णतेवर चालणारा बंब झाला. त्या हिवाळ्यात सगळं घर गार पाण्यानं अंघोळ करत होतं. मग रेडिओची दुरुस्ती झाली. तो रेडिओ काकूंच्या माहेरचा. पूर्वीचे रेडिओ तापायला वेळ घ्यायचे, पण एकदा तापले की घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे भारदस्त बोलायचे. पोरंसोरं गप्प बसून ऐकायची. काकांच्या दुरुस्तीनंतर तो एकच स्टेशन धरू लागला, तेही कुठल्याशा परक्या भाषेतलं, आणि शेवटी त्यावर कुंडी ठेवण्यात आली.

"हे त्यातलं नाही," काका म्हणाले. "हे निव्वळ डोक्याचं काम आहे."

"म्हणूनच विचारते," काकू म्हणाल्या. "टेबल किती दिवस अडणार?"

बोर्ड आला. काकूंना वाटलं, साबणाची वडी असेल. उघड्या अंगाचा, हिरवा, कडेनं लहानमोठी भोकं. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "याला चालू-बंद करायचं बटणच नाही! करणारे विसरले वाटतं." वायर जोडली की चालू होतो आणि बंद करायचा तर आधी त्याला तसा रीतसर हुकूम लिहून द्यावा लागतो, नाहीतर आतल्या मेमरी कार्डावरचं लिखाण बिघडतं, असं सोबतच्या चिठोऱ्यावर छापलं होतं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि चिठोरं काकूंच्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं.

चार्जर मात्र त्यात नव्हता. पण मध्यमवर्गीय घरात चार्जर विकत आणणं म्हणजे विहिरीपाशी राहून पाणी विकत घेणं. कपाटात एक खण होता. मेलेल्या सगळ्या फोनचे चार्जर तिथे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडलेले. काकांनी त्यातला एक सोडवला, जोडला आणि टीव्हीच्या काळ्या पडद्यावर काहीच आलं नाही. वायर चुकीची होती. दुसरी वायर आणली. मग पडद्यावर सप्तरंगी चौकोन आला आणि तिथेच थिजला. काकांनी उतरवून घेतलेलं लिनक्स साध्या कॉम्प्युटरचं होतं. या बोर्डाचं डोकं एआरएम नावाच्या वेगळ्या कुळातलं, त्याला त्याच कुळातलं लागतं. "म्हणजे सोयरीक बघून आणायला हवं होतं," काकू म्हणाल्या. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

योग्य कुळातलं आणल्यावर पडद्यावर पांढऱ्या ओळी धबधब्यासारख्या पडू लागल्या आणि कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह उमटलं. काका हरखले. "बघ! वीज पोचली असं तो आपणहून सांगतोय."

परदेशी असलेल्या पुतण्याला फोनवर ही प्रगती कळवली, तेव्हा तो म्हणाला, "काका, ते चिन्ह म्हणजे वीज कमी पडतेय. पॉवर तेवढी नीट बघाल का?"

काका लालबुंद झाले. "पॉवर? तू मला पॉवर शिकवतोस? अर्ध्या शहराला मी पॉवर दिली, आणि या साबणाच्या वडीला देता येणार नाही?" फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी काका फिरायला म्हणून गेले आणि येताना खिशात नवा चार्जर लपवून घेऊन आले. पिवळं चिन्ह गेलं. पुतण्याला ते कळवण्यात आलं नाही.

एव्हाना इमारतीत बातमी फिरली होती आणि सल्ले घरी चालत येऊ लागले. निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी वर्तमानपत्र परत करायच्या निमित्तानं येत आणि पडद्याकडे बघून "शुद्धलेखन तपासून घ्या" असं सांगत. सेक्रेटरींचं मत होतं की बोर्ड खिडकीत ठेवावा, हवा लागली की सुरळीत चालेल. त्यांच्या पायाचं दुखणं तसंच बरं झालं होतं. चेअरमन एकदाच आले. काकांनी त्यांना सांगितलं की लिनक्समध्ये सर्वाधिकारी जो असतो त्याला रूट म्हणतात. दातांच्या डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "मग उपटून टाकलेलंच बरं," ते म्हणाले, आणि टेबलावर साडूंचं पत्रक विसरून गेले.

टाइप करायचं काम काकूंकडे आलं. लग्नाआधी आणि नंतरही त्या विमा कंपनीत टंकलेखिका होत्या. तिथे साहेब येरझाऱ्या घालत बोलायचे आणि यांची बोटं कळफलकावर पावसासारखी पडायची. काकाही तसेच येरझाऱ्या घालत हुकूम सांगू लागले. बऱ्याच हुकुमांच्या आधी 'सुडो' लिहायचं असे.

"हे सारखं कशाला?"

"त्याशिवाय तो ऐकत नाही. अधिकारी माणूस सांगतोय हे त्याला कळावं लागतं."

हे सांगताना काकांचा आवाज इतका मऊ झाला की काकूंना त्यांची थोडी दयाच आली. ऑफिस सुटल्यापासून इतकं निमूट ऐकणारं त्यांना पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.

आणि एका दुपारी खरंच पडद्यावर सूचना उमटली. आधी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी आल्या, कारण त्यात मराठी अक्षरं घातलीच नव्हती. मुख्याध्यापकांनी त्यातही एक चूक काढली. मग अक्षरं घातली. 'पाणी उद्या सकाळी उशिरा येईल' असं टीव्हीवर ठसठशीत दिसू लागलं, तेव्हा काकूंनासुद्धा मनातून बरं वाटलं. आता फक्त चाचणी. वार्षिक सभेच्या दिवशी तळमजल्यावर नेण्याआधी घरातच काही दिवस न थांबता चालवून बघायचं.

काका संध्याकाळचे फिरायला गेले, परत आले, टेबलाशी बसले आणि ओरडले, "पडला!"

पडद्यावर सूचना नव्हती. इंग्रजीत लिहून आलं होतं की यंत्राला पॅनिक झालं आहे. काकूंना त्या यंत्राचं कौतुक वाटलं. घरातली माणसं घाबरली की दुसऱ्यावर ओरडतात; हे बिचारं लेखी देत होतं.

कार्ड पुसून पुन्हा सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी काका फिरून आले, पुन्हा तेच. नवं कार्ड आणलं. पुन्हा तेच. काका समोर बसलेले असले की तो आज्ञाधारक मुलासारखा चालायचा. पाठ वळली की गेलाच.

काकांनी यावर खूप विचार केला. रोज संध्याकाळीच पडतो. संध्याकाळी काय होतं? समोरच्या घरात मशीन चालू होतं! समोरच्या वहिनी घरी कपडे शिवायच्या. मोटारीचं शिलाई मशीन, गिऱ्हाइकं कामावरून सुटली की माप द्यायला यायची, आणि मग त्यांची रात्रीच्या जेवणापर्यंत घरघर घरघर. त्यांच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली. तो दिवसभर 'योग्य संधीची' वाट बघत दिवाणावर पडून असे. ते घर त्या मशीनवरच चालायचं, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"मोटारीमुळे विजेत कचरा येतो," काकांनी निदान केलं. "तो कचरा आपल्या बोर्डात शिरतो."

"अहो, ती मशीन इतकी वर्षं चालतेय. आपला फ्रिज नाही कधी घाबरला."

"फ्रिजला बुद्धी नसते. बुद्धी असलेल्यालाच त्रास होतो," काका म्हणाले आणि त्यांनी कमिटीकडे लेखी तक्रार दिली.

काकूंना हे दुसऱ्या दिवशी जिन्यात कळलं, आणि तेही वहिनींकडूनच. वहिनी रोज हसून दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "काकू, माझ्या मशीननं तुमच्या टीव्हीला टाके पडतात म्हणे? कितीचा टाका घालू, बारीक की लांब?"

"अगं, मला खरंच माहीत नव्हतं..."

"कमिटीची नोटीस आलीय. राहत्या घरात धंदा करता येणार नाही म्हणतात. तक्रारीत तथ्य निघालं तर मशीन उचलायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उचलून कुठे नेऊ, ते काकांना विचाराल का? ते तांत्रिक सल्लागार आहेत ना?"

 घरी येऊन त्यांनी काकांना धारेवर धरलं. तक्रार मागे घ्या म्हणाल्या. काकाही वरमले होते. वहिनींचं मशीन बंद व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. मशीनला फक्त एक लहानसं गाळणीचं यंत्र जोडावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण तक्रार मागे घेतली तर बोर्ड का पडतो याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. शिवाय ती एकदा कमिटीच्या हाती गेली होती, आणि कमिटीच्या हाती गेलेली गोष्ट परत येत नाही. जिन्याच्या रंगाला विचारा. चेअरमनांनी तर चौकशी उपसमितीच नेमली. शिलाई मशीन दोषी ठरलं तर ते जाणार. निर्दोष ठरलं तर काकांनी जाहीर माफी मागून पद सोडायचं, आणि मग साडू होतेच.

उपसमिती संध्याकाळी आली. चेअरमन, सेक्रेटरी, मुख्याध्यापक, आणि प्रतिवादी म्हणून वहिनी. वहिनींच्या नवऱ्याला मशीन चालवायला बसवलं होतं. कितीतरी महिन्यांनी त्याला मिळालेलं हे पहिलं काम. दोन्ही घरांची दारं सताड उघडी ठेवली. पलीकडे घरघर सुरू झाली. इकडे सगळे टीव्हीकडे डोळे लावून बसले. 'पाणी उद्या सकाळी उशिरा येईल.' मशीन थांबलं. 'पाणी उद्या सकाळी उशिरा येईल.' मशीन जोरात चाललं. पाणी उशिराच येत राहिलं.

"वेळ द्या," काका म्हणाले. "कचरा साठावा लागतो."

काकूंनी चहा केला. कचरा साठायची वाट बघत सगळ्यांनी तो प्यायला. मुख्याध्यापकांनी 'उशिरा' या शब्दातल्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल शंका काढली आणि स्वतःच दूर केली. अखेर चेअरमन उठले. "साहेब, तथ्य दिसत नाही. निघतो आम्ही."

"चला, मी येतो दारापर्यंत," काका उतरल्या चेहऱ्यानं उठले. माणूस पडेल चेहऱ्याचा असला तरी रीतभात सोडत नाही. पाहुण्यांना पुढे घालून, मागून चालता चालता, त्यांचा उजवा हात भिंतीकडे गेला. टक्.

टीव्ही काळा झाला. बोर्डावरचा लाल दिवा विझला.

काका गर्रकन वळले. "बघा! बघितलंत? पडला! मशीन चालू होतं ना?"

मशीन बंद होतं. वहिनींचा नवरा तर चहाचा वास लागून दारात येऊन उभा होता.  सगळे काकांच्या हाताकडे बघत होते, आणि हात अजून भिंतीवरच्या बटणावर होता.

काकूंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. ती टक् त्यांनी लग्न झाल्यापासून ऐकली होती. खोलीतून उठताना बटण बंद, बसताना बटण चालू. वीज कंपनीचा माणूस वीज वाया घालवत नाही. पंखा, दिवा, रेडिओ, एकदा तर काकूंची आत्या आतच बसलेली असताना खोलीचा दिवा. तो हात डोक्याला विचारून काही करतच नव्हता. जाताना तोच बोर्डाचा गळा घोटायचा, आणि परत आल्यावर काका खुर्चीत टेकायच्या आत तोच बटण चालू करायचा; तोवर कार्ड बिघडलेलं असायचं. घड्याळाची टिकटिक जशी घरातल्यांना ऐकू येत नाही, तशी ती टक् दोघांनाही ऐकू येईनाशी झाली होती.

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की काकूंना तो बघवेना. अर्ध्या शहराला वीज देणारा माणूस, आणि समोर दातांचे डॉक्टर ओठ दाबून हसू आवरतायत.

"मीच सांगितलं होतं यांना," काकू पटकन बोलून गेल्या. "उठताना बटण बंद करत जा म्हणून. बिल येतं ना. चूक माझीच."

वहिनींनी काकूंकडे असं बघितलं, जसं चुकीचं माप सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात. मग त्या आपल्या दाराकडे वळल्या. त्यांचं मशीन वाचलं होतं.

अहवाल झाला. 'तक्रारदाराच्या पत्नीनं केलेल्या घरगुती सूचनेमुळे बिघाड. शिलाई मशीन निर्दोष. काकूंनी दिलगिरी लिहावी व ती नव्या स्क्रीनवर आठवडाभर दाखवावी.' काकांचं पद शाबूत राहिलं. इथवर सगळं ठीक होतं. काका गप्प राहिले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण वार्षिक सभेत काकांना बोलायला सांगितलं. त्या काही दिवसांत काकूंचं म्हणणं त्यांच्या मनात इतकं मुरलं होतं की त्यांना ते स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. हे लग्नात नेहमी होतं. एकानं दुसऱ्यावर पांघरूण घालावं, आणि दुसऱ्यानं ते आपल्याच मालकीचं समजून घडी घालून कपाटात ठेवावं.

"मित्रहो," काका म्हणाले, "लिनक्स सोपं आहे. एआरएम सोपं आहे. अवघड एकच, घरातल्या मंडळींना तंत्रज्ञान समजावणं." हशा. "मी लाख सांगेन हो, की याला रीतसर हुकूम दिल्याशिवाय बंद करू नये. पण स्वयंपाकघराचा कायदा वेगळा!" आणखी मोठा हशा. "असो. अज्ञानातून झालेली चूक आहे. मी मोठ्या मनानं माफ केलेलं आहे."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वहिनींच्या नवऱ्यानं वाजवल्या. काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर वहिनी होत्या. त्या हसल्या नाहीत. फक्त हळूच म्हणाल्या, "मोठं मन आहे हो काकांचं."

"हो," काकू म्हणाल्या. "जागा खूप आहे आत."

सभा संपल्यावर पुरुषमंडळी चहाकडे गेली. बोर्ड तळमजल्यावर बसला होता, टीव्ही भिंतीवर लागला होता, आणि बटणावर काकांनी स्वतःच्या हातानं पाटी चिकटवली होती: 'हे बटण कोणीही, कोणत्याही कारणास्तव बंद करू नये.' काकू कळफलकासमोर बसल्या. दिलगिरी लिहायची होती. बोटं फार दिवसांनी स्वतःच्या मनाचं टाइप करत होती. थोडी अडखळली, मग पावसासारखी पडली. शेवटी त्यांनी पासवर्ड बदलला. आधी सुडो लिहिलं, कारण त्याशिवाय तो ऐकत नाही.

सकाळी दूध आणायला निघालेले मुख्याध्यापक स्क्रीनपाशी थबकले. मग सेक्रेटरी. मग चेअरमन. मग चेअरमनांच्या बायकोनं वरच्या मजल्यावर हाका मारल्या. काका खाली आले तेव्हा चांगलीच गर्दी जमली होती आणि गर्दीनं त्यांना आदरानं वाट करून दिली. स्क्रीनवर ठसठशीत अक्षरं होती:

'दिलगिरी. समोरच्या शिलाई मशीनचा काही दोष नव्हता. बटण बंद करायला मी यांना कधीही सांगितलं नाही. ते लग्नापासून आपणहूनच बंद करतात. मी खोटं बोलले, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.'

"शुद्धलेखन निर्दोष आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"अगं, काढ ते!" काका वर येऊन दबक्या आवाजात म्हणाले.

"मला नाही काढता येत. कमिटीचा ठराव आहे, आठवडाभर ठेवायचं."

"पासवर्ड सांग, मी काढतो."

"ठराव मोडायचा तर सभा बोलवावी लागेल. विशेष सभा. सगळ्यांपुढे वाचून दाखवून मग काढतात."

चेअरमन खालून ओरडले, "साहेब, तुम्ही सल्लागार, बटण बंद करून टाका की!" काका पुन्हा खाली गेले. पाटीसमोर उभं राहून त्यांनी ती पुन्हा वाचली. गर्दी श्वास रोखून बघत होती. "तसं बंद करता येत नाही," ते शेवटी क्षीण आवाजात म्हणाले, "कार्ड बिघडतं."

आठवडाभर तो बोर्ड एकदाही पडला नाही. साडूंनासुद्धा कबूल करावं लागलं की काम पक्कं झालंय.

शेवटच्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. मापाची टेप तशीच गळ्यात लोंबत होती. दारातच इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"काकू, तो बोर्ड कुठे मिळतो हो?"

"का गं? तुला कशाला?"

"आमच्या ह्यांच्याबद्दल मलाही थोडं लिहायचंय," वहिनी म्हणाल्या. "पण आठवडा नाही पुरायचा."